आतल्या खोलीचा उजेड

नवरात्राचे घट उठल्यापासून वसुबारसेपर्यंतच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या घराघरांतून सामानाची जी उलथापालथ होते, फडताळे रिकामी होऊन ओटीवर येतात, तसबिरी खुंट्यांवरून उतरतात आणि ओल्या चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा वास जिन्याजिन्यांतून दरवळू लागतो, त्या धामधुमीत रंगाच्या दुकानात उभ्या असलेल्या गृहस्थाच्या तोंडून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "आमच्या आतल्या खोलीत उजेड कमी आहे, तिला कोणता रंग लावू?" दुकानदार बहुधा पांढरा लावावयास सांगतो, गृहस्थ पांढऱ्याचे डबे घेऊन घरी जातो, आणि दिवाळीचे पाहुणे परतून गेल्यावर घरातल्या मंडळींच्या ध्यानात येते की, खोली स्वच्छ दिसते खरी, पण उजळली मात्र नाही, उलट तिच्यावर राखेसारखी एक उदास छटा आली आहे. ह्या लेखाच्या निमित्ताने मुंबई आणि पुणे ह्या दोन शहरांतल्या अशा अनेक खोल्या मी पाहिल्या, त्यांत राहणाऱ्यांशी आणि त्या रंगविणाऱ्या कारागिरांशी बोललो, आणि माझे मत असे झाले की, ह्या प्रश्नाचा आरंभच रंगापासून होऊ नये.

रंगाला स्वतःचा प्रकाश नसतो. बाहेरून जेवढा उजेड खोलीत येतो, त्यातला किती परत खोलीत सोडावयाचा आणि किती शोषून घ्यावयाचा, एवढाच अधिकार भिंतीकडे असतो. म्हणून अंधाऱ्या खोलीपुढे उभे राहिल्यावर प्रथम विचारावयाचे ते हे की, प्रकाश येतो कोठून, वाटेत अडतो कोठे आणि शेवटी तो पडावा कशावर. रंगपुस्तिका उघडण्याची वेळ ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतर येते.

आपल्या जुन्या घरांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. पुण्यात बाजीराव रस्त्यावर दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ सालचा विश्रामबागवाडा आजही उभा आहे, आणि ज्याला वाड्याच्या उजेडाची रचना समजून घ्यावयाची असेल त्याने तेथील सुरूदार खांबांच्या मधून चौकाकडे पाहत थोडा वेळ शांतपणे उभे राहावे. चौक म्हणजे घराच्या पोटात आणून ठेवलेले आकाश. त्याच्या कडेचा सोपा त्या आकाशाला सन्मुख असल्यामुळे लख्ख असतो, आणि तेथून एकेक खण आत जावे तसतसा उजेड झपाट्याने उतरत जातो. वाडेसंस्कृतीने हा उतार नाहीसा करण्याचा हट्ट धरला नाही. तिने त्या उतारावर कामांची वाटणी केली. दप्तर आणि मसलत सदरेवर, निवडणे-टिपणे सोप्यात किंवा चौकाच्या कडेला, दुपारची विश्रांती माजघरात, धान्य कोठीत, आणि बाळ-बाळंतिणीला घरातली सर्वांत निवाऱ्याची व मंद उजेडाची खोली, अशी ती वाटणी होती. माजघराचा अंधार वैशाखात गारव्याचे वरदान ठरे, आणि संध्याकाळी भिंतीतल्या दिवळीत पणती ठेवली की कोनाड्याच्या चुन्याने पांढऱ्या केलेल्या आतल्या बाजूंवरून उसळून तिचा उजेड समोरच्या जमिनीपर्यंत पोहोचे. आज दोन खोल्यांत संसार करणाऱ्या माणसाला कामांची अशी वाटणी करण्याची सवडच राहिलेली नाही. त्याच्या एकाच आतल्या खोलीला सकाळी स्वयंपाकघर, दुपारी अभ्यासिका आणि रात्री शेजघर व्हावे लागते, आणि म्हणून माजघराला जो अंधार शोभला तो ह्या खोलीला परवडत नाही.

कोकणातल्या घरांची अडचण निराळी आणि तिच्यावरचा उपायही निराळा. पावसाच्या माऱ्यासाठी छप्पर खाली ओढून घ्यावे लागते, पडव्या खोल होतात, आणि भिंतीतल्या खिडकीला आकाश दिसतच नाही; तेव्हा तेथल्या लोकांनी उजेड वरून घेतला. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर ती चपटी, एकात एक गुंतणारी कौले किनाऱ्यावर सर्वत्र पसरली, आणि त्यांच्याच मापाचे काचेचे कौल एखाद्या अंधाऱ्या खणावर बसविण्याचा शिरस्ता पडला. ह्या साध्या उपायाच्या पाठीशी एक सुंदर कारण आहे. आभाळ पूर्ण भरलेले असते तेव्हा माथ्यावरचे आकाश क्षितिजालगतच्या आकाशाच्या सुमारे तिप्पट तेजस्वी असते; म्हणजे आषाढात, जेव्हा घर सर्वांत काळोखे होते, तेव्हाच वरचा एक हातभर चौकोन भिंतीतल्या खिडकीहून अधिक काम करतो. गोव्यातल्या जुन्या घरांनी काचेऐवजी चपट्या शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी चौकटींत बसवून खिडक्या केल्या, त्यांतून येणारा दुधी उजेड डोळ्यांना बोचत नाही आणि खोलीत समप्रमाणात पसरतो. ही सर्व घरे माझ्या दृष्टीने प्रकाशशास्त्राचे उत्तम पाठ आहेत, आणि त्यांपैकी एकातही रंगापासून सुरुवात झालेली नाही.

आता गिरगावातील एका चाळीकडे वळू. दुसऱ्या मजल्यावरच्या ह्या दोन खोल्यांपैकी बाहेरची सामाईक गॅलरीवर उघडते आणि आतलीची एकुलती एक खिडकी मागच्या घरगल्लीवर. गल्लीपलीकडे, हात लांब केला तर जवळजवळ लागेल इतक्या अंतरावर, शेजारच्या इमारतीची शेवाळलेली भिंत. येथे राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सारी चाळ आजी म्हणते, मला म्हणाल्या, "श्रावणात भर दुपारी मला दिवा लावून तांदूळ निवडावे लागतात. मागच्या वर्षी सूनबाईनं हौसेनं पांढरा रंग काढून घेतला, पण खोली काही हसली नाही." हे 'हसणे' म्हणजे नेमके काय, आणि पांढऱ्या रंगाला ते का साधले नाही, ह्याचा उलगडा करण्यासाठी थोडे गणित करणे अवश्य आहे, आणि वाचकांनी ते धीराने वाचावे, कारण पुढचे सारे निर्णय त्यावरच उभे आहेत.

इमारतशास्त्र खोलीतल्या दिवसाच्या उजेडाचे तीन हिस्से मानते. पहिला, खिडकीतून जे प्रत्यक्ष आकाश दिसते त्याचा; दुसरा, समोरची भिंत, जमीन, झाड ह्यांच्यावरून परतून खिडकीत शिरणाऱ्या उजेडाचा; आणि तिसरा, खोलीत आल्यावर छत, भिंती व फरशी ह्यांच्यावरून पुनःपुन्हा उसळणाऱ्या उजेडाचा. ज्या खोलीला मोठे आकाश लाभले आहे तिथे पहिला हिस्सा इतका भारी असतो की भिंती कोणत्याही रंगाच्या असल्या तरी कामे होतात. परंतु घरगल्लीवरच्या खोलीला आकाश जवळजवळ नसतेच, तिचा सारा व्यवहार दुसऱ्या आणि तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे कोणावरून तरी परतून आलेल्या उजेडावर चालतो. आणि म्हणून भिंतीच्या रंगाचे महत्त्व उजळ खोलीपेक्षा अंधाऱ्या खोलीत कितीतरी अधिक असते. आपल्या देशाच्या मानकांनी हिशेबासाठी बाहेरच्या आकाशाचा उजेड ८००० लक्स धरला आहे, आणि त्याचा एक टक्का, म्हणजे ८० लक्स, आत पोहोचला तर त्याला एक टक्का दिवस-प्रकाश म्हणतात. ह्या मापाने स्वयंपाकघराला अडीच टक्के, म्हणजे २०० लक्स, अभ्यासाच्या खोलीला १.९ टक्के, म्हणजे सुमारे १५० लक्स, आणि बैठकीच्या खोलीला अवघे ५० लक्स अपेक्षित आहेत. भर उन्हात बाहेर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो हे लक्षात घेतले म्हणजे ही अपेक्षा किती माफक आहे ते कळेल, आणि आजींच्या खोलीतला ओटा त्या माफक अपेक्षेच्याही किती खाली आहे हे तेथे क्षणभर उभे राहूनच समजते.

तिसऱ्या हिश्श्याचे गणित तर फारच बोलके आहे. खोलीच्या सर्व पृष्ठभागांनी मिळून पडलेल्या उजेडाचा निम्मा भाग परत सोडला, तर त्या परतलेल्या निम्म्याचा पुन्हा निम्मा, त्याचाही निम्मा, अशी बेरीज होत जाऊन एकूण उजेड मूळच्या दुप्पट होतो. आणि शंभरातले ऐंशी भाग परत सोडले तर तो पाचपट होतो. फरशी, कपाटे, अंथरुणे आणि माणसे ह्यांच्यामुळे वापरातल्या खोलीत ऐंशीची सरासरी कधीच साधत नाही. पण चाळीसावरून साठावर जरी ती नेता आली तरी उजेड दीडपट होतो, आणि तेही विजेचा एक पैसा खर्च न होता. आजींच्या सूनबाईंनी पांढरा रंग निवडला त्यात चूक काहीच नव्हती. चुकले ते एवढेच की, भिंती पांढऱ्या झाल्या आणि बाकीचे सर्व होते तसेच राहिले. छतावर वर्षानुवर्षांच्या फोडणीचा तांबूस थर, खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागावरून आडवा गेलेला माळा, लोखंडी जाळीत कोंबलेल्या बादल्या, आणि गल्लीपलीकडची ती काळीहिरवी भिंत; एवढ्या ठिकाणी उजेडाची गळती होत असताना चार भिंतींनी किती भरपाई करावी?

शिवाय पांढऱ्याचा म्हणून एक स्वभाव आहे. डोळा कोणत्याही पृष्ठभागाची उजळी एकट्याने मापत नाही, दृष्टीच्या टापूतल्या सर्वांत तेजस्वी वस्तूशी ताडून मापतो; खिडकीचा तो एक चमकता तुकडा आणि त्याच्या शेजारची सावलीतली पांढरी भिंत ह्यांची तुलना झाली की भिंत करडी ठरते. त्यातही बाजारातला शुभ्र म्हणून मिळणारा पांढरा बहुधा किंचित निळसर असतो, जसा पूर्वी चुन्याचा पिवळेपणा मारण्यासाठी त्यात नीळ घालीत. उन्हात ती निळाई तेजाची वाटते, पण उत्तरेच्या किंवा गल्लीच्या मंद उजेडात ती थंडगार आणि मळकट होते. आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचे दिवस सोडले तर माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे असतो. तेव्हा उत्तरेच्या खिडकीला वर्षातला बहुतेक काळ निळ्या आकाशाचाच उजेड मिळतो, आणि त्यात निळसर पांढरा मिसळला की थंडपणा दुणावतो. अशा खोलीला साईच्या, मोतिया किंवा फिकट बदामी छटेचा पांढरा द्यावा. तो उजेड जवळजवळ तितकाच परत करतो आणि त्याच्याकडून शुभ्रतेची अपेक्षा नसल्यामुळे तो मळकटही वाटत नाही.

गिरगावातच चार दशकांहून अधिक काळ काम केलेल्या एका वृद्ध रंगाऱ्याने मला जे सांगितले ते कोणत्याही ग्रंथाइतके मोलाचे मी मानतो. "लांबी भरून झाली की पहिला हात छताला," ते म्हणाले. "छत पांढरंफेक, अगदी बिनचकाकीचं. मग खिडकीच्या दोन्ही बगला. मग खिडकीसमोरची भिंत. राहिलेल्या भिंतींना तुम्ही सांगाल तो रंग." ह्या अनुक्रमात सारे शास्त्र आले आहे. छताला सामान टेकत नाही, त्यामुळे उजेड परत करण्याचे काम ते अखंड करू शकते. खिडकीच्या बगला, म्हणजे जाड भिंतीतल्या आतल्या कडा, आकाशाला सर्वांत जवळ असतात, आणि त्या पांढऱ्या असल्या की तेजस्वी खिडकी व काळी भिंत ह्यांच्यातला डोळ्यांना शिणविणारा विरोध सौम्य होतो. आणि समोरच्या भिंतीवर तर आलेल्या उजेडाचा पहिला टप्पा पडतो. चकाकीविषयी त्यांचा आग्रहही रास्त आहे, कारण तेलरंगाची गुळगुळीत भिंत उजेड अधिक देते हा समज खरा नाही. ती तो एकाच दिशेला फेकते, भिंतीचे उंचसखल उघडे पाडते आणि दिव्याचे झगझगीत प्रतिबिंब डोळ्यांत आणते, तर निस्तेज पृष्ठभाग तोच उजेड चहूकडे पसरवितो.

ह्या कारागिरांच्या सल्ल्याने आजींच्या घरी ह्या वर्षी जे झाले ते थोडक्यात नोंदवितो. खिडकीवरून जाणारा माळा काढून दुसऱ्या भिंतीवर नेला. कारण खिडकीच्या माथ्याची उंची जितकी असेल तिच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंतच कामाचा उजेड पोहोचतो, आणि म्हणून खिडकीचा वरचा वीतभर भाग खालच्या हातभर भागाहून मोलाचा असतो. मुंबईतल्या शेकडो घरांत हाच भाग माळ्याने, पडद्याच्या पेटीने किंवा वातानुकूलन यंत्राने बुजविलेला असतो, आणि दारावरच्या झरोक्यांना तर पुठ्ठे ठोकलेले असतात. दुसरे असे की, शेजारच्या इमारतीच्या मंडळींना भेटून, त्यांची रीतसर परवानगी घेऊन, घरगल्लीपलीकडच्या भिंतीचे शेवाळ खरवडून तिच्यावर चुन्याचे दोन हात दिले. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात इमारतींच्या आतल्या अंधाऱ्या चौकांना पांढऱ्या झिलईच्या विटा लावीत त्या ह्याच हेतूने. विटा धुतल्या की पुन्हा उजळतात, आपल्या चुन्याला मात्र दर पावसाळ्यानंतर हात द्यावा लागेल. आरसा लावण्याची सूचनाही कोणी केली होती, ती मानली नाही हे बरे झाले, कारण आरसा समोर जे असेल तेच दाखवितो, आणि समोर आकाश नसून शेवाळलेली भिंत असेल तर खोलीत दोन शेवाळलेल्या भिंती होतात. ह्यानंतर छत पांढरे, भिंती मोतिया आणि काळपट शहाबादी फरशीवर फिकट रंगाची चटई एवढेच केले. आजी आता दुपारच्या वेळी खिडकीपाशी बसून दिव्यावाचून वर्तमानपत्र वाचतात. ओट्यावर मात्र अजूनही दिवा लागतो, आणि पुढेही लागेल.

छटेच्या निवडीविषयी आणखी एक गोष्ट अशी की, लोकांची फसगत सर्वांत अधिक तिच्यातच होते. पुस्तिकेतल्या बोटभर तुकड्यावर जो पिवळा सौम्य दिसतो तो चार भिंतींवर लागल्यावर झणझणीत का वाटतो? कारण खोलीत उजेड एकदाच भिंतीवर आपटून डोळ्यांत येत नाही. समजा एखादा पिवळा रंग तांबड्या किरणांचे शंभरातले ऐंशी आणि निळ्या किरणांचे पन्नास भाग परत सोडतो. पहिल्या उसळीनंतर हे प्रमाण ऐंशीस पन्नास आहे, पण तिसऱ्या उसळीनंतर ते एक्कावन्नास साडेबारा होते, म्हणजे रंग मूळच्यापेक्षा कितीतरी गडद होऊन सर्वत्र पसरतो, चेहऱ्यांवर आणि ताटातल्या भातावरही चढतो. अंधाऱ्या खोलीत उसळींवरच भिस्त असल्यामुळे हा परिणाम तेथे सर्वाधिक जाणवतो. म्हणून मनात जो रंग ठरला असेल त्याहून दोन पायऱ्या फिका आणि किंचित धुरकट रंग निवडावा. आपल्या बायका लुगडे घेताना दुकानातल्या दिव्याखाली पदर पाहून समाधान मानीत नाहीत, तो उंबऱ्याबाहेर दिवसाच्या उजेडात नेऊन पाहतात. रंगालाही तोच न्याय लावावा, फक्त उलट दिशेने, म्हणजे दुकानातला रंग घरातल्या अंधारात नेऊन पाहावा. लहान डबा आणावा, खिडकीलगतच्या आणि सर्वांत काळोख्या अशा दोन्ही भिंतींवर हातभर लांबरुंद पट्टे ओढावेत, आणि सकाळी, दुपारी व दिवा लावल्यावर ते पाहावेत. काही कंपन्या प्रत्येक छटेचे परावर्तनमूल्य छापतात, ते अवश्य पाहावे; छताला ऐंशीच्या वर आणि भिंतींना साठ-सत्तरच्या आसपास असावे असे मी सुचवीन. गडद रंगाची हौस असेल तर ती खिडकीच्याच भिंतीवर भागवावी, कारण त्या भिंतीवर दिवसाचा उजेड तसाही कमी पडतो.

गडद रंगाचा पक्ष घेणारे काही रसिक आहेत आणि त्यांचे म्हणणे मी आदराने ऐकले आहे. ते म्हणतात, जी खोली उजळणे शक्यच नाही तिला फिकट रंग देऊन केविलवाणी करण्यापेक्षा तांबूस, हिरवा किंवा निळा असा सखोल रंग देऊन तिला तिच्याच स्वभावानुसार गंभीर होऊ द्यावे. शेजघर, देवघर किंवा संध्याकाळीच वापरात येणारी बैठक असेल तर मला हे मान्य आहे. समईच्या उजेडात गडद भिंतीपुढे पितळी देव्हारा जसा तेजाळतो तसा पांढऱ्या भिंतीपुढे तेजाळत नाही. परंतु जिथे लेकरांना अभ्यास करावयाचा आहे आणि म्हाताऱ्या डोळ्यांना सुईत दोरा ओवावयाचा आहे, तिथे हा रसिकपणा मी नाकारतो.

दिव्यांच्या बाबतीत आपल्याकडे जो एक अंमल अनेक पिढ्या चालत आला तो म्हणजे दारावर एक नळी आणि तिच्याखाली सारे घर. ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईच्या पाठीमागे तो दिवा असतो आणि तिच्या हातांवर, विळीवर, तव्यावर तिचीच सावली पडते. अंधाऱ्या खोलीला एका प्रखर दिव्यापेक्षा तीन-चार सौम्य दिवे अधिक मानवतात : एक कपाटाच्या माथ्यावर छताकडे तोंड करून ठेवलेला, ज्याने पांढरे छत उजळून आकाशाची उणीव काही अंशी भरून निघेल, एक ओट्यावरच्या फळीखाली लपविलेली पट्टी, एक वाचणाऱ्याच्या डाव्या खांद्याशी, आणि शक्य तर एक खोलीच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यातल्या भिंतीवर उजेड सोडणारा, कारण दूरची भिंत दिसू लागली की खोलीचा आकारच मोठा होतो. नऊ वॉटचा एलईडी दिवा जुन्या साठ वॉटच्या दिव्याहून थोडा अधिकच उजेड देतो, तेव्हा चार दिव्यांची चैन आज सामान्य घराला परवडते. साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्याच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश उजेड पोहोचतो, हे ज्या घरात आजी-आजोबा आहेत त्या घराने विसरू नये. त्यांच्या बैठकीपाशी दिवा वेगळा हवा आणि त्यावर टोपीही हवी, कारण वय वाढते तशी डोळ्यांची उघड्या दिव्याची सहनशक्ती घटते.

खोक्यावरचे दोन आकडे वाचावयास शिकावे. पहिला केल्विनचा : २७०० ते ३००० हा जुन्या दिव्यासारखा पिवळसर, ४००० तटस्थ, ६५०० निळसर. आपल्या बाजारात निळसर दिव्यांची रेलचेल आहे आणि तो अधिक उजेड देतो अशी समजूत आहे. परंतु मंद प्रमाणात असलेला निळसर उजेड माणसाला उदास वाटतो, असे हॉलंडच्या क्रुइथॉफ नावाच्या संशोधकाने १९४१ मध्येच एका आलेखातून मांडले होते, आणि पुढच्या संशोधनाने त्याच्या आलेखाच्या मर्यादा दाखविल्या असल्या तरी मंद उजेडाच्या घरांत मी जे पाहिले ते त्याच्या बाजूचे आहे. दिवसा आकाशाच्या जोडीला ४००० आणि संध्याकाळी ३००० किंवा त्याखालचा दिवा लावावा. एकाच छताखाली पिवळा आणि निळसर असे दोन दिवे एका वेळी लावू नयेत. दुसरा आकडा रंगदर्शनाचा, ज्याला सीआरआय म्हणतात. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा दिवा, ज्याच्यावर पिवळा उजेड देणारा लेप चढविलेला असतो. निळ्या दिव्याच्या शोधाला २०१४ साली नोबेल मिळाले ते योग्यच झाले, पण स्वस्त दिव्यांच्या उजेडात गडद तांबड्याचा अंश तुटपुंजा असतो आणि म्हणून त्याखाली कुंकू, डाळिंब, शालूचा काठ आणि माणसाची कांती ही सर्वच फिकुटतात. हा अंक ऐंशीच्या वर सर्वत्र मिळतो, घरासाठी नव्वदीचा मागावा. चार पैसे जास्त पडतील, पण पूर्वीच्या तारेच्या दिव्यात लाल जसे लाल दिसे तसे पुन्हा दिसेल.

इतके सर्व केले तरी एक गोष्ट उरतेच. दुप्पट किंवा पाचपट करावयाला मूळ काहीतरी असावे लागते, आणि ज्या खोलीत आकाशाचा एकही किरण शिरत नाही तिच्या बाबतीत रंगारी हतबल असतो. हा प्रश्न मुंबई शहराच्या दप्तरात फार जुना आहे. गोव्यात जन्मलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी १८९६ साली मांडवी भागात प्लेग ओळखला, त्यानंतर सरकारी पथकांनी घरोघर चुना फासला, अंधाऱ्या घरांची कौले उचकटून ऊन आत सोडले, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशा अर्थाची अक्षरे रंगविली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने पुढे खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेचे एक माप ठरविले : खोलीच्या पायथ्याशी समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा अधिक असू नये. साध्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच तिच्या निम्मे अंतर मधे मोकळे हवे. न्यासाचे अध्यक्ष ऑर ह्यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांच्या उजेड-वाऱ्यावर जे व्याख्यान दिले त्याचा गाभा हाच होता. त्यानंतर १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे सरकारी विकास विभागाच्या, म्हणजे बीडीडीच्या, २०७ चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांना बाहेरच्या अंगाला खिडकी होती, पण दोन रांगांमधला बोळ दिवसाही काळोखा राहिला.

निम्म्याचे ते माप आज कोणी आठवीत नाही. गोवंडीच्या नटवर पारेख संकुलात सात मजली पुनर्वसन इमारतींमध्ये अवघे तीन मीटर अंतर आहे. इमारत वीस मीटर उंच धरली तर शंभर वर्षांपूर्वीच्या मापाने तेथे दहा मीटर हवे होते. खालच्या मजल्यांवर दिवसभर दिवे जळतात, आणि तेथल्या क्षयरोगाच्या प्रादुर्भावाकडे डॉक्टरांनी व अभियंत्यांनी ह्या अंतराच्या संदर्भात लक्ष वेधले आहे. इतर इमारतींतही अधिमूल्य भरले की सामासिक अंतरात सवलत मिळते, आणि सवलतीतून निघालेल्या प्रत्येक फुटाची किंमत कोणत्या तरी आतल्या खोलीला आयुष्यभर चुकवावी लागते.

तेव्हा ज्यांच्या चाळीच्या किंवा वाड्याच्या पुनर्विकासाचे कागद ह्या वर्षी फिरत असतील त्या वाचकांना माझी विनंती आहे की, क्षेत्रफळाच्या आकड्यावर खूश होऊन सही करू नये. प्रत्येक खोलीच्या खिडकीसमोर किती मीटर मोकळे अंतर आहे आणि समोरची इमारत किती मीटर उंच होणार आहे, हे दोन आकडे विकासकाकडून नकाशावर लेखी मागावेत, सोसायटीच्या सभेत ते वाचून दाखवावेत, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी भरला तर आपली हरकत इतिवृत्तात नोंदवून मगच पुढच्या विषयाकडे वळावे.